मदत कधीपासून लागते

पहिल्या मेडिकल बोर्डाला जाताना मी बुटांना तीनदा पॉलिश करून घेतलं होतं. करून घेतलं म्हणजे हिच्याकडून, माझ्या बायकोकडून. मला वाकता येत नव्हतं. मी खुर्चीत बसून नुसता सांगत होतो, टाचेकडे राहिलंय, पुन्हा घे. तिने पुन्हा घेतलं.

मी सैन्यात ट्रक चालवायचो. डोंगरातल्या रस्त्यावर पाण्याचा टँकर उलटला आणि माझ्या पाठीचा कणा दुखावला. गोळी नाही, बॉम्ब नाही. डावा पाय जवळजवळ गेला, उजव्यात निम्मी ताकद राहिली, आणि लघवीवरचा ताबा गेला. सात महिने दवाखान्यात काढून घरी आलो. मग पत्र आलं, की किती टक्के अपंगत्व आहे आणि घरी मदतनीस द्यायचा की नाही, ते बोर्ड ठरवेल.

आता जे सांगतो ते बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल, पण सैन्यात राहिलेल्यांना कळेल. आमच्याकडे आजारी म्हणून नाव लिहायला जाणाऱ्याला ‘कण्हणारी कंपनी’ म्हणायचे. तापाने फणफणलेला माणूससुद्धा डॉक्टरपुढे टाच जुळवून म्हणायचा, ठीक आहे साहेब. आणि साहेब लोक तपासायला येणार म्हटलं की वाईट असेल ते लपवायचं, चांगलं असेल ते पुढे मांडायचं. फुटकी बादली खाटेखाली, नवी बादली दारात. मी बोर्डाकडे तसाच गेलो. ही माझी तपासणी आहे आणि तीत मला पास व्हायचंय, असंच डोक्यात होतं. नापास होण्यासाठी जायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. हिने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

काठी मी हिच्या हातात दिली आणि भिंतीला धरून आत गेलो. ती मागून आली. टेबलामागे तीन डॉक्टर होते, मधला मोठ्या हुद्द्याचा. मी ताठ उभा राहिलो. त्याने फॉर्मवरचे प्रश्न वाचायला सुरुवात केली.

“अंघोळ?”

“स्वतः करतो साहेब.”

“कपडे, बूट?”

“स्वतः साहेब.”

“लघवीवर ताबा?”

“आहे साहेब.”

इस्त्रीच्या पँटच्या आत हिने तासाभरापूर्वी घडी करून ठेवलेलं कापड होतं. ते ओलं झालेलं मला कळत होतं.

“घरी कोणाची मदत लागते?”

“मदत लागत नाही साहेब.”

त्याने हिच्याकडे पाहिलं. “खरं का, बाई?”

ही खाली फरशीकडे बघत होती. म्हणाली, “हे म्हणतात ते खरं.”

“असे जवान पाहिजेत,” तो बाकीच्या दोघांना म्हणाला. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, त्याखाली माझी सही घेतली. टक्के कमी लागले, मदतनिसाच्या रकान्यात ‘गरज नाही’ असं आलं. मी इतका खूश होतो की बाहेर येऊन हिला म्हटलं, पाहिलंस?

तिने पाहिलं होतं. परत येताना बसच्या पायरीवर मला चढता येईना, तेव्हा तिने मागून काखेत हात घालून मला वर घेतलं. लोक बघत होते. कंडक्टर म्हणाला, “ताई, सांभाळून, तुम्हीच पडाल.”

तिसऱ्या दिवशी माझी चादर बदलता बदलता म्हणाली, “अहो, ते काही तुम्हाला बढती देणार नव्हते.”

त्यानंतर नऊ वर्षं तिने मला उचललं. सकाळी खाटेवरून, मग न्हाणीत, मग खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा उलट. ती अंगाने बारीक होती. दिवसा एका शिवणाच्या कारखान्यात काजं करायची, दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायची, मला कोरडं करायची आणि परत जायची. जेवायची कधी, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिला कुठून तरी कळलं की बोर्डाच्या निकालावर अपील करता येतं, पण रोज काय काय मदत लागते त्याची नोंद दाखवावी लागते. तिने शाळेची दुरेघी वही आणली आणि लिहायला लागली. तारीख, आणि पुढे दोन ओळी. उठवलं. अंघोळ. बूट. चादर दोनदा. आज न्हाणीत पडले, शेजारच्या सुतारभाऊंना हाक मारली. असं. अपिलाचा फॉर्मही तिने भरला, आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवला.

“मी काय लुळापांगळा म्हणून लिहून देऊ?” मी म्हटलं.

“लिहून द्यायला नको. असायला चालतं?”

मी फॉर्म ढकलून दिला. पुढच्या वर्षी तिने परत ठेवला. मी परत ढकलला. नंतर तिने ठेवणं सोडलं, पण वही सोडली नाही. एक संपली की दुसरी आणायची.

मग एका सकाळी मला खुर्चीत बसवून ती स्वतः खाटेवर टेकली आणि म्हणाली, “जरा थांबा हं.” बस, एवढंच. सुतारभाऊ रिक्षा घेऊन आले तोपर्यंत ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, वजन उचलल्याने होतं का असं? ते म्हणाले, तसं काही सांगता येत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चांगले होते डॉक्टर. पण त्यांनी तिला मला उचलताना पाहिलं नव्हतं.

मुलीचं दुसऱ्या शहरातलं शिक्षण तेव्हा नुकतंच संपलं होतं. सिमेंट, वाळू, काँक्रीट तपासायचं शिक्षण. ती आईसाठी आली आणि माझ्यासाठी राहिली. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, अंघोळ माझी मी करेन. आत जाऊन कडी लावली आणि पडलो. ती औषध आणायला गेली होती. दोन तास फरशीवर होतो. शेवटी सुतारभाऊंनी कडीचे स्क्रू काढले. मी तसाच, अंगावर काही नाही, आणि दारात सुतारभाऊ आणि त्यांच्यामागे माझी मुलगी. सुतारभाऊंनी चटकन आपला शर्ट काढून माझ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून तिने अंघोळ घालायला घेतलं. मी अर्धी चड्डी घालून बसायचो. ती भिंतीकडे तोंड करून पाठीवर पाणी टाकायची आणि सगळा वेळ काहीबाही बोलत राहायची. “बाबा, काँक्रीट सात दिवसांनी तपासतात, मग अठ्ठावीस दिवसांनी.” मी हं म्हणायचो. “तुम्हाला किती दिवसांनी तपासायचं?” मग स्वतःच हसायची. चड्डी बदलायची वेळ आली की दोघांचंही बोलणं बंद व्हायचं.

चौथ्या महिन्यात तिला नोकरीचं पत्र पुन्हा आलं. एका धरणाच्या कामावर प्रयोगशाळा होती, तिथे. घरापासून रात्रभराचा प्रवास. तिने आईचं कारण सांगून एकदा मुदत वाढवून घेतली होती. आता पत्रात साफ लिहिलं होतं, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

तिने पत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाली, “इथेच काहीतरी बघते.”

“इथे काय धरण बांधणारेत?”

“मग तुम्हाला कोण उचलणार, मी तिथून?”

त्या संध्याकाळी मी स्वतःहून म्हटलं, अपिलाचा फॉर्म आण. तिने कपाटातून तो काढला. आईच्या अक्षरात भरलेला, सहीची जागा कोरी. सोबत वह्या. सात होत्या.

अपिलाची मुदत केव्हाच गेली होती, पण फेरतपासणी मागता येते आणि फॉर्म तोच चालतो असं कार्यालयातून कळलं. तारीख मिळाली वीस. म्हणजे मुलीच्या एक तारखेला अकरा दिवस बाकी. तिने माझ्याकडून घोकून घेतलं. “साहेब म्हणायचं नाही. ठीक आहे म्हणायचं नाही. उभं राहायचं नाही. लघवीचं विचारलं की?”

“ताबा नाही.”

“मोठ्याने.”

“अगं, शेजारी ऐकतील.”

“शेजाऱ्यांनी तुमची चादर नऊ वर्षं दोरीवर पाहिलीये, बाबा.”

कार्यालयात आधी एका कारकुनाकडे कागद तपासून घ्यायचे होते. तोही जुना सैनिक होता, उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. माझ्या कागदावर बघून म्हणाला, “या ड्रायव्हरसाहेब, बसा. आता इथे कोणी सॅल्यूट मागत नाही.” मी चाकाच्या खुर्चीत होतो, बसलेलाच होतो, पण बरं वाटलं. एका दाखल्याची झेरॉक्स कमी होती. मुलगी ती काढायला खाली गेली.

कारकून जुनी फाइल काढून हिने भरलेल्या फॉर्मशी ताडून बघायला लागला. चौदाव्या रकान्यावर थांबला. तिथे छापलेलं होतं: मदत कधीपासून लागते. हिच्या अक्षरात उत्तर होतं: दवाखान्यातून घरी आल्यापासून.

“हे कोणी लिहिलंय?”

“बायकोने. ती वारली.”

“अरेरे.” त्याने जुनी फाइल माझ्याकडे फिरवली. “आणि हे तुम्ही लिहून दिलंय. मदत लागत नाही. खाली सही तुमची. दोन्ही खरं कसं असेल?”

“हे खोटं आहे,” मी जुन्या सहीवर बोट ठेवून म्हटलं.

“मला माहीत आहे हो. माझ्याकडे रोज असे दोघे-तिघे येतात. सगळे आधी वाघ असतात.” त्याने आवाज उतरवला. “ऐका. तुम्ही ‘घरी आल्यापासून’ असं लिहिलंत, तर पहिल्या बोर्डापुढे खोटं बोललात असं होतं. मग इथला बोर्ड निर्णय देत नाही. फाइल वर जाते, चौकशी लागते. वर्ष धरून चाला. पण प्रकृती हल्ली बिघडली, मदत हल्ली लागायला लागली, असं लिहिलंत तर ती नवीन बाब. आजच्या आज मंजूर होईल. आठवड्यात मदतनीस घरी.”

“हल्ली म्हणजे कधी?”

“पत्नी कधी गेल्या?”

मी तारीख सांगितली.

“तीच टाका. लक्षातही राहील.” त्याची नजर माझ्या मांडीवरच्या वह्यांवर गेली. “त्या कसल्या?”

मी एक दिली. त्याने चारपाच पानं वाचली. उलटलेल्या पानावर अंगठा ठेवून बसला. “बाई मोठ्या नेटाच्या होत्या,” म्हणाला. “असा पुरावा मी पाहिला नाही. पण या जोडल्या की झालं, फाइल वर गेलीच. पिशवीत ठेवा. आत दाखवू नका.”

त्याने कोरा फॉर्म पुढे केला आणि पेन दिलं. मुलगी खाली झेरॉक्सच्या रांगेत होती. तिची वाट बघता आली असती. मी बघितली नाही. ती आली असती तर नको म्हणाली असती, आणि मग एक तारीख गेली असती. मी वह्या पिशवीत ठेवल्या, वरून टॉवेल घातला, आणि चौदाव्या रकान्यात ती तारीख लिहिली.

माझं नाव पुकारलं, आणि झेरॉक्स मागून जोडू म्हणत कारकुनाने माझी खुर्ची आत ढकलली. तिथे या वेळी एक डॉक्टरबाई मधल्या खुर्चीत होत्या. मी घोकलेलं सगळं बोललो. अंघोळ जमत नाही. बूट जमत नाहीत. लघवीवर ताबा नाही. बाईंनी पाय तपासले, सुई टोचून बघितली, पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी बराच वेळ पाठीचे जुने एक्स-रे उजेडात धरले.

“हा रकाना तुम्ही भरलाय?”

“हो मॅडम.”

“चार महिन्यांपासून.”

“हो मॅडम.”

“कणा असा चार महिन्यांत बिघडत नाही,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. “त्याआधी पत्नी होत्या ना घरी? तेव्हा त्या मदत करत नव्हत्या?”

त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. त्या थांबल्या होत्या. मला आता वाटतं, बाईंना ठाऊक होतं, आणि मी खरं बोललो असतो तर त्यांनी काही मार्ग काढला असता. कदाचित नसता काढला. मुलीसाठी खोटं बोललो असं सांगायला मला सोपं आहे, आणि ते खरंही आहे. पण सगळं खरं नाही. नऊ वर्षं एका बाईने मला उचललं आणि मी नाही म्हणत राहिलो, हे त्या तिघांसमोर सांगायचं होतं. मदत लागते हे सांगून झालं होतं. कोणाची घेतली ते सांगता येईना.

“नाही मॅडम,” मी म्हटलं. “तेव्हा लागत नव्हती.”

त्यांनी अजून क्षणभर वाट पाहिली. मग लिहिलं.

मंजूर झालं. कागद हातात घेऊन मी बाहेर आलो. मुलगी झेरॉक्स घेऊन बाकावर बसली होती. तिने कागद घेतला, मंजूर शब्द वाचला आणि माझा खांदा घट्ट धरला. मग खालचं वाचत गेली. बोट चौदाव्या रकान्यावर थांबलं.

“आई गेली त्या दिवसापासून?”

“फाइल वर गेली असती. वर्ष लागलं असतं. तुझी एक तारीख...”

“आणि वह्या?”

मी पिशवीकडे पाहिलं.

तिने कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. “म्हणजे आई होती तोवर तुम्ही धडधाकट होता,” ती म्हणाली. “छान. तिला कळलं असतं तर आराम केला असता बिचारीने.”

माझी खुर्ची ढकलत ती उताराकडे निघाली. घरी पोचल्यावर मात्र तिने नेहमीसारखं गरम पाणी काढलं, आणि भिंतीकडे तोंड करून माझ्या पाठीवर ओतलं. काँक्रीटचं काही बोलली नाही.

एकोणतीस तारखेला ती गेली. निघताना वाकून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “रागावले नाहीये आता. पण विसरलेही नाहीये.” ती रात्र आणि पुढची सकाळ सुतारभाऊंनी निभावली. तीस तारखेला दुपारी मदतनीस आला.

चाळिशीचा गडी होता, आधी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. बडबड्या. बाह्या वर करून न्हाणीतली बादली भरली, टॉवेल ठेवला, मग खाटेजवळ येऊन कमरेवर हात ठेवून मला बघत राहिला. एखादं अवजड कपाट हलवायचं असावं तसं.

“काका, तुम्हाला कुठल्या बाजूने धरू? ज्याची त्याची सवय असते. आधी कोण करायचं?”

“मुलगी. चार महिने.”

“आणि त्याआधी?”

“बायको,” मी म्हटलं. “नऊ वर्षं.”

“नऊ!” त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “म्हणजे बाई भक्कम असणार.”

“नव्हती.”

“मग काहीतरी युक्ती असणार त्यांची. सांगा की, कशा उचलायच्या? म्हणजे मी पण तसंच करतो.”

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. ट्रकच्या इंजिनला साखळी कुठे कुठे बांधायची आणि कुठून उचलायचं ते मी आजही झोपेत सांगेन. ती मला कशी उचलायची ते मला माहीत नव्हतं. तिचा एक हात कुठे असायचा, दुसरा कुठे, पाय कुठे रोवायची, काहीच नाही. ती जवळ आली की मी डोळे मिटून घ्यायचो. रोज. ती उचलायची, ठेवायची, आणि ठेवल्याचं कळलं की मी डोळे उघडायचो. नऊ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

“काका?”

“थांब,” मी म्हटलं, आणि मुलीला फोन लावला. तिच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. एक तारखेच्या आदल्या दिवशीच ती प्रयोगशाळा बघायला गेली होती. मी विचारलं, “आई मला कशी उचलायची गं?”

ती म्हणाली, “स्पीकरवर टाका.”

मी टाकला. ती शांतपणे सांगायला लागली. आधी डावा पाय खाटेच्या कडेला आणायचा. मग उचलणाऱ्याने आपला गुडघा त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये टेकवायचा. उजवा हात काखेखालून पाठीकडे, डावा पट्ट्याला. डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचं. मदतनीस मान डोलावत होता, हवेत हात फिरवून बघत होता.

“आणि एक, दोन, तीन मोजायचं नाही,” ती म्हणाली. “तीन म्हटलं की बाबा अंग ताठ करतात. आई दोनलाच उचलायची.”

“तुला आईने शिकवलं?” मी विचारलं.

“नाही. लहानपणापासून दारातून बघायचे मी.”

मदतनीस हसला. “युक्ती होतीच म्हणजे,” म्हणाला.

मी फोन कानाला लावला. “तिला दुखायचं का गं? उचलताना?”

यंत्रांचा आवाज येत राहिला.

“हो,” मुलगी म्हणाली. “रोज.”

मदतनिसाने गुडघा टेकवला, काखेखालून हात घातला आणि म्हणाला, “काका, पाणी गार होतंय.”

“उचल,” मी म्हटलं.